मॉर्मन मिशनरी, नवाहो प्रदेशातील

मॉर्मन मिशनरी, नवाहो प्रदेशातील : अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नवाहो राष्ट्रात ठरावीक मुदतीसाठी विनावेतन धर्मप्रचार व सेवा करणारे, ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे तरुण कार्यकर्ते. जोसेफ स्मिथ याने 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या पंथाचे मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. ‘मॉर्मन’ हे लोकरूढ नाव ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्याच्या धर्मग्रंथावरून पडले. नवाहो लोक स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. त्यांचे राष्ट्र अॅरिझोना, न्यू मेक्सिको व युटा या तीन राज्यांत मिळून सुमारे 71,000 चौ. किमी. प्रदेशावर पसरलेले असून त्याची राजधानी विंडो रॉक येथे आहे.

मॉर्मन व नवाहो यांची ओळख धर्मप्रचारापेक्षा शेजारातून आणि तंट्यातून झाली. युटात स्थिरावलेले मॉर्मन वसाहतवाले दक्षिणेकडे सरकू लागले, तेव्हा जनावरांच्या पळवापळवीवरून दोन्ही बाजूंत चकमकी घडल्या. 1864 मध्ये अमेरिकन सैन्याने नवाहोंना शेकडो किलोमीटर पायी चालवून बॉस्क रेडोंडो येथील छावणीत डांबले. 1868 च्या तहानंतर ते आपल्या भूमीवर परतले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी जेकब हॅम्ब्लिन या मॉर्मन मध्यस्थाने फोर्ट डिफायन्स येथे त्यांच्या प्रमुखांशी सलोख्याची बोलणी केली. ट्यूबा सिटी हे आजचे मोठे नवाहो गाव मॉर्मनांनीच वसवले आणि तुवी या होपी (शेजारची एक मूळ अमेरिकन जमात) प्रमुखाचे नाव त्याला दिले. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी संघराज्य सरकारने त्यांची घरे-शेते विकत घेऊन त्यांना तेथून उठवले. नवाहोंसाठी संघटित मिशन सुरू व्हायला 1943 साल उजाडावे लागले. तोपर्यंत सेंट मायकल्स येथे फ्रान्सिस्कन आणि गनाडो येथे प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी शाळा-दवाखाने उभारून चार दशके लोटली होती, त्यामुळे मॉर्मन मिशनरी दारात आला तेव्हा घरधन्यांना असा पाहुणा नवा नव्हता.

त्याचे म्हणणे मात्र नवे होते. बुक ऑफ मॉर्मननुसार प्राचीन काळी जेरुसलेमहून निघालेले एक कुटुंब अमेरिकेत पोहोचले आणि त्याच्या वंशजांपैकी ‘लेमनाइट’ म्हणवल्या गेलेल्या शाखेशी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे नाते पंथाने जोडले. साहजिकच नवाहो घरी आलेला विशी न गाठलेला पोरगा केवळ येशूची कथा सांगत नसे, तर यजमानाला त्याचेच पूर्वज कोण होते हेही समजावून देत असे. दिनेंची स्वतःची उत्पत्तिकथा खालच्या जगांतून वर येत आजच्या जगात पोहोचल्याची असून चार पवित्र पर्वतांनी त्यांच्या भूमीची सीमा आखलेली आहे. या कथेपुढे हा दावा ठेवणे धाडसाचेच म्हणावे लागेल. नैर्ऋत्येतील मिशनकार्याचे मोठे पुरस्कर्ते असलेले पंथाचे ज्येष्ठ नेते स्पेन्सर किंबॉल यांनी 1960 च्या सर्वसाधारण परिषदेत तर पंथीय कुटुंबांत राहणाऱ्या इंडियन मुलांचा वर्ण उजळत असल्याचे सांगितले होते. ग्रंथाच्या 1981 च्या आवृत्तीत ‘गोरे’ या अर्थाच्या एका शब्दाच्या जागी ‘शुद्ध’ या अर्थाचा शब्द घालण्यात आला, तर त्याच आवृत्तीच्या प्रस्तावनेतील ‘मुख्य पूर्वज’ हा उल्लेख 2006 नंतर ‘पूर्वजांपैकी’ असा सौम्य करण्यात आला. जनुकीय संशोधन मूळ अमेरिकनांचे नाते ईशान्य आशियाशी जोडते, ही या बदलामागची पार्श्वभूमी होय.

मिशनरी होणारा तरुण बहुधा शाळा संपवून थेट येतो. 2012 पासून मुलग्यांना 18 व्या वर्षी निघता येते. त्यांची मुदत दोन वर्षांची, तर मुलींची 18 महिन्यांची असते. जाण्याचे ठिकाण तो स्वतः निवडत नाही. ते मुख्यालयातून कळवले जाते. खर्च त्याचे कुटुंब किंवा पंथाची स्थानिक मंडळी (उपासकसमूह) उचलते. मुदत संपेपर्यंत त्याचे पाळण्यातले नाव बाजूला पडते आणि आडनावाआधी ‘एल्डर’ किंवा ‘सिस्टर’ हा शब्द लागतो. छातीवर काळी नामपट्टी, मुलांच्या अंगात बहुधा पांढरा सदरा आणि टाय असा वेश, आणि सदैव सोबतीला एक जोडीदार. हा जोडीदारही मिशनचा अध्यक्ष नेमून देतो, तो पटो वा न पटो.

दिवसाची चौकट सर्व जगभर जवळपास सारखीच आहे : सकाळी साडेसहाला उठणे, व्यायाम, न्याहारी, मग एकट्याने आणि जोडीदारासह ग्रंथाभ्यास, दहाच्या सुमारास बाहेर पडणे, रात्री नऊ-साडेनऊपर्यंत परतणे आणि साडेदहाला दिवे मालवणे. आठवड्यातून एक दिवस, सहसा सोमवार, कपडे धुणे, बाजार आणि पत्रव्यवहार यांसाठी मोकळा असतो. घरच्यांशी फोनवर बोलण्याची मुभा पूर्वी वर्षातून दोनदाच, नाताळाला आणि मातृदिनाला, मिळत असे. 2019 पासून ती दर आठवड्याला मिळते.

नवाहो प्रदेशात ही चौकट पहिल्या आठवड्यातच खिळखिळी होते, आणि तिची सुरुवात घड्याळापासून होते. उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करण्याची प्रथा अॅरिझोना राज्य पाळत नाही, नवाहो राष्ट्र पाळते आणि नवाहो भूमीने वेढलेले होपी राखीव क्षेत्र पुन्हा पाळत नाही. त्यामुळे ट्यूबा सिटी आणि लगतचे मोएनकोपी हे होपी गाव यांच्या वेळेत उन्हाळाभर एका तासाचे अंतर असते. दारोदार फिरण्याची शहरी पद्धतही येथे चालत नाही. दोन घरांमध्ये कित्येक मैल अंतर असू शकते. रस्त्याला नाव किंवा घराला क्रमांक असेलच असे नाही, म्हणून पत्ता पवनचक्की, पाण्याची टाकी, रंगवलेले टायर अशा खुणांनी सांगितला जातो. पाऊस पडला की कच्च्या रस्त्याचा चिखल चाकाच्या आसापर्यंत येतो. इंधनखर्चामुळे मिशन गाडीच्या मैलांवर मर्यादा घालते, तेव्हा एकाच फेरीत एका दिशेची सगळी घरे उरकण्याचा आराखडा जोडीला आदल्या रात्री करावा लागतो.

घरापाशी पोहोचल्यावर दार ठोठावू नये, गाडीतच थांबावे, कुत्री भुंकतील, घरातले पाहतील आणि वाटले तर बाहेर येतील, हा शिष्टाचार नवख्याला जुना मिशनरी शिकवतो. हात घट्ट दाबायचा नाही, फक्त टेकवायचा. नजरेला नजर भिडवून बोलणे उद्धटपणाचे समजतात, आणि हे तर प्रशिक्षणात शिकवलेल्या आत्मविश्वासाच्या नेमके उलटे असते. नवाहो माणूस आपली ओळख चार कुळांनी देतो : आईचे, वडिलांचे, आईच्या वडिलांचे आणि वडिलांच्या वडिलांचे. नाते मातृवंशीय असल्याने मेंढरे, घर आणि निर्णय यांत आजीचा शब्द वजनदार असतो. बाप्तिस्म्याला तयार झालेल्या नातवाचे पाऊल आजीच्या नाराजीने मागे येते, हे पुरुषप्रधान पुरोहितपदाच्या पंथातून आलेल्या मुलाला उमगायला वेळ लागतो.

प्रत्यक्ष वेळ बराचसा अंगमेहनतीत जातो. राष्ट्रातील सुमारे 30 टक्के घरांत नळाचे पाणी नाही. पिंपे गाडीत घालून ती पाणवठ्यावर भरून आणावी लागतात. हिवाळ्यापूर्वी जळाऊ लाकूड फोडून रचणे, मेंढ्यांची लोकर कातरणे, पूर्वेला तोंड असलेल्या होगानच्या (पारंपरिक नवाहो घराच्या) छतावर माती चढवणे ही कामे मिशनरी करतात, आणि शिकवणुकीसाठी दार उघडते ते बहुधा या कामांमुळेच. मोबदला म्हणून पुढे येतो तो मेंढीच्या मटणाचा रस्सा, तळलेली भाकर किंवा जुनिपरची राख घालून शिजवलेली निळ्या मक्याची खीर. कॉफीचे भांडे मात्र चुलीवर कायम असते, आणि पंथात कॉफी, चहा, मद्य व तंबाखू निषिद्ध असल्यामुळे ती नाकारणे हा रोजचा छोटा पेच होतो. तंबाखूचे प्रकरण अधिक नाजूक, कारण नवाहो विधींत पर्वतावरील तंबाखूला पवित्र स्थान आहे.

भाषा हा सर्वांत मोठा अडसर. नवाहो भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो आणि एका क्रियापदात कर्ता, कर्म, गती व वस्तूचा आकारही सामावलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलाने तिच्यावर आधारलेली संकेतभाषा वापरली. पूर्वीच्या पिढीतील काही मिशनरी नवाहो भाषा अस्खलित शिकले. आता तरुण नवाहो इंग्रजी बोलतात, त्यामुळे बहुतेक मिशनरी अभिवादनापुरती आणि प्रार्थनेपुरती नवाहो उचलतात, वृद्धांशी बोलताना नातवाला दुभाष्या करतात.

खोलवरचा पेच मृत्यूविषयीचा आहे. मॉर्मन धर्माचरणात वंशावळ शोधणे आणि मृत पूर्वजांच्या नावाने मंदिरात बाप्तिस्मा करवणे हे मोठे कर्तव्य मानतात. परंपरानिष्ठ नवाहो मात्र मृताचे नाव उच्चारणे टाळतो, त्याच्या वस्तूंना हात लावत नाही, आणि मृत्यू घडलेला होगान सोडून दिला जात असे. दफनाचे काम व्यापाऱ्यांवर आणि मिशनऱ्यांवर सोपवण्याची जुनी रीत याच भीतीतून आली. ज्या घरी एखादा तरुण मिशनरी आजोबांचे नाव विचारतो, तेथे शांतता पसरते, आणि तिचा अर्थ विस्मरण किंवा बेफिकिरी असा लावणे ही नवख्यांची नेहमीची गल्लत असते.

मिशनकार्याला जोडूनच 1954 पासून औपचारिकपणे चाललेल्या योजनेत हजारो मूळ अमेरिकन मुले, त्यांत नवाहोच अधिक, शाळेच्या वर्षभरासाठी मॉर्मन घरांत ठेवली गेली. या योजनेसाठी बाप्तिस्मा आवश्यक असे. काहींना तिने उच्च शिक्षण दिले, काहींना आपल्या भाषेपासून व आईपासून तोडले; विसाव्या शतकाच्या अखेरीस ती थांबली, आणि 2016 पासून तिच्यात झालेल्या लैंगिक अत्याचारांविषयी नवाहो न्यायालयात दावे दाखल झाले. जॉर्ज ली या नवाहो मिशनऱ्याला 1975 मध्ये पंथाच्या सर्वोच्च अधिकारी वर्गात स्थान मिळाले, पण मूळ अमेरिकनांकडे पंथाचे दुर्लक्ष होत असल्याच्या त्यांच्या टीकेनंतर 1989 मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले. आजचा मिशनरी ही सगळी ओझी वाहतो, बहुधा ती न जाणता.

साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते आणि जोडीतील एकाला दुसऱ्या गावी हलवले जाते. चिनली, केयेंटा, शिपरॉक येथील मंडळ्यांचे नेतृत्व आता पुष्कळ अंशी नवाहो कुटुंबांकडे असून, नव्या मुलाला कोणत्या घरी कधी न्यायचे हेही त्यांच्या सल्ल्याने ठरते.