रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता?

नाही. फिडल तेव्हा नव्हतीच; रोमचा सम्राट नीरो वाजवायचा तो किथारा, अंगाशी धरून छेडायचं तंतुवाद्य.

इ.स. 64च्या जुलैत सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतींच्या मैदानालगतच्या दुकानांत आग लागली, तेव्हा तो सुमारे 50 किलोमीटरवर अँटियम या गावी होता. परतल्यावर त्याने बेघरांसाठी स्वतःच्या बागा खुल्या केल्या, धान्याचा भाव मोदियस या मापामागे 3 सेस्टर्स (रोमन नाणी) इतका उतरवला. तरी शहराच्या 14 विभागांपैकी धड राहिले फक्त 4.

मग संशय का? सहा दिवसांनी आटोक्यात आलेली आग पुन्हा भडकली ती त्याच्या खास मर्जीतल्या तिगेलिनस या अधिकाऱ्याच्या जागेतून. शिवाय आगीत जळालेल्या जमिनीवर नीरोने आपला सुवर्णमहाल बांधायला घेतला. ट्रॉयच्या विनाशाचं गाणं तो गायला, हे रोमन इतिहासकार टॅसिटस अफवा म्हणूनच नोंदवतो. अफवा थांबेना, तेव्हा त्याने ख्रिश्चनांवर आळ घेऊन त्यांना हाल-हाल करून मारलं.