स्कार्फ कुठे गेला?

दोन मैत्रिणी टेबलाशी बसून गप्पा मारताहेत. विषय आहे तिसऱ्या कुणासाठी ठरवलेली सरप्राइज पार्टी. कॅमेरा आधी एकीवर जातो, मग दुसरीवर, मग परत पहिलीवर. एवढ्यात एकीच्या गळ्यातला स्कार्फ नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने परत हजर होतो. टेबलावरच्या लाल प्लेट्स पांढऱ्या होतात. गप्पा मात्र चालूच राहतात.

ही छोटी फिल्म डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी मुद्दाम अशी बनवली होती. तिच्यात कंटिन्युटीच्या, म्हणजे एका शॉटमधले तपशील पुढच्या शॉटशी न जुळण्याच्या, नऊ चुका पेरलेल्या होत्या. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दहा जणांनी ती पाहिली आणि त्यांच्यापैकी फक्त एकाला काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. मग त्यांना सांगण्यात आलं की फिल्ममध्ये बदल आहेत, आता नीट शोधा. दुसऱ्यांदा डोळ्यांत तेल घालून पाहिल्यावरही नऊपैकी सरासरी दोनच चुका सापडल्या.

जुन्या मालिकांमधल्या चुकांच्या लांबलचक याद्या वाचताना हा प्रयोग मनात ठेवावा. अशा याद्यांचा सूर बहुतेक वेळा ‘इतकी ढोबळ चूक त्या लोकांना दिसली कशी नाही?’ असा असतो. मला प्रश्न उलटा पडतो. ती मालिका इतकी वर्षं इतक्या लोकांनी पाहिली, मग आपल्याला ती चूक कशी दिसली नाही?

सुरुवात डोळ्यांपासून करू. हात लांब करून अंगठा समोर धरला, तर अंगठ्याच्या नखाने जेवढी जागा झाकली जाते, साधारण तेवढीच जागा आपल्याला एका वेळी खणखणीत स्पष्ट दिसते. बाकीचं दृश्य धूसरच असतं. ते लक्षात येत नाही, कारण बुबुळं सेकंदाला सुमारे तीनदा उडी मारून नवी जागा टिपत असतात आणि प्रत्येक उडीच्या क्षणी मेंदू डोळ्यांकडून येणारं चित्र दाबून टाकतो. म्हणजे कंटिन्युटीत तुटलेलं चित्र जोडून घेण्याची सवय आपल्याला टीव्ही यायच्या कितीतरी आधीपासून आहे. त्यातून ती मोजकी स्पष्ट जागा पडद्यावर कुठे ठेवायची, हेही आपण फारसं ठरवत नाही. चेहरा दिसला की नजर तिकडे, त्यातही बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे. नजर टिपणाऱ्या यंत्रांनी केलेल्या अभ्यासांत दिसतं की एकच दृश्य पाहणाऱ्या बहुतेकांची नजर एकाच वेळी एकाच ठिकाणी खिळलेली असते. त्या ठिकाणापासून वीतभर लांब ग्लासातलं पाणी वाढलं काय आणि कमी झालं काय!

पण सगळा दोष नजरेवर ढकलता येत नाही. लेव्हिन आणि सायमन्स यांच्याच दुसऱ्या एका फिल्ममध्ये टेबलामागे एक माणूस बसलेला आहे. फोन वाजतो, तो उठतो, कट होतो आणि बाहेर येऊन फोन उचलतो तो दुसराच माणूस असतो. चेहरा वेगळा, कपडेही वेगळे. पडद्यावर पाहण्यासारखं दुसरं काहीच नाही, सगळ्यांची नजर त्या माणसावरच आहे. तरीही 40 प्रेक्षकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांना बदल कळला नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी हा प्रकार प्रत्यक्षात करून पाहिला. रस्ता विचारणारा माणूस बोलणं चालू असतानाच बदलला, मधून एक दरवाजा वाहून नेण्याचं निमित्त करून. पत्ता सांगणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक नव्या माणसाला पुढचा रस्ता सांगत राहिले.

मेंदू काय साठवतो, ते यातून उमगतं. ‘एक माणूस उठला आणि त्याने फोन घेतला’ एवढा अर्थ त्याने नोंदवला. शर्टाचा रंग नोंदवायचं त्याला काही कारण नव्हतं. जगात शर्ट आपोआप बदलत नाहीत. हवंच असेल तर पुन्हा बघता येईल, या भरवशावर मेंदू तपशील बाहेरच ठेवून देतो. मालिकेचा संकलक, म्हणजे एडिटर, त्याच भरवशाचा फायदा घेतो.

संकलकाला चूक दिसत नाही, हा तर मोठाच गैरसमज. त्याला ती बहुतेक वेळा दिसलेली असते. अमेरिकी संकलक वॉल्टर मर्च यांनी कट कुठे करायचा याचे निकष टक्क्यांत मांडले आहेत. भावनेला 51 टक्के, कथेला 23 टक्के, असं करत करत वस्तू आणि माणसं प्रत्यक्ष जागेत कुठे होती या सलगतेला शेवटचे 4 टक्के. नटाने तिसऱ्या टेकला जीव ओतलाय आणि सिगारेटची लांबी मात्र पाचव्या टेकला बरोबर आहे. कोणता टेक ठेवायचा? कोणताही शहाणा संकलक तिसरा ठेवील. शिवाय कट लपवायची युक्ती त्याच्याकडे असते. माणूस खुर्चीतून उठत असताना, म्हणजे हालचालीच्या ऐन मध्यावर कापायचं. टिम स्मिथ आणि जॉन हेंडरसन यांनी 2008 साली प्रेक्षकांना एवढंच काम दिलं होतं की कट दिसला की बटण दाबा. हालचालीवर केलेल्या कटांपैकी जवळपास एक-तृतीयांश कट त्यांना दिसलेच नाहीत. जिथे अख्खा कटच दिसत नाही, तिथे कटच्या अलीकडचा ग्लास आणि पलीकडचा ग्लास यांची तुलना कोण करणार?

आता जुन्या मालिकांकडे येऊ, कारण त्यांची गंमत आणखी वेगळी आहे. त्या बनल्या तेव्हाचा पडदा बहुतेक ठिकाणी 525 किंवा 625 आडव्या रेषांचा होता, आणि त्यातल्याही काही रेषा चित्रासाठी नव्हत्या. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे झाकल्या जायच्या आणि किती झाकल्या जातील हे प्रत्येक संचात वेगळं असायचं. म्हणून कॅमेरामन महत्त्वाचं सगळं मधल्या सुरक्षित भागात ठेवायचा. कडेला काय आहे याची फार फिकीर नसायची. सुरुवातीच्या व्हिडिओटेपवर संकलन करणं महागडं आणि किचकट काम होतं. त्यामुळे 1960च्या दशकात ‘डॉक्टर हू’सारख्या ब्रिटिश विज्ञानमालिकेचे भाग जवळजवळ नाटकासारखे सलग चित्रित व्हायचे आणि नटाची जीभ अडखळली तरी बऱ्याचदा तेच प्रसारित व्हायचं. पुन्हा पाहण्याची सोयही नव्हती. घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर रुळले ते 1975-76मध्ये बीटामॅक्स आणि व्हीएचएस आल्यानंतर. त्याआधी भाग लागला, पाहिला आणि हवेत विरला.

पण ज्या मालिका 35 मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाल्या, त्यांच्या निगेटिव्हमध्ये टीव्हीवर कधीच न दिसलेला तपशील पडून होता. काही दशकांनी ती फिल्म नव्याने स्कॅन झाली आणि झाकली मूठ उघडली. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथेच्या मूळ मालिकेतल्या (1966 ते 1969) मारामाऱ्यांमध्ये नायकाच्या जागी लढणारा डमी आता चक्क ओळखू येतो. ‘फ्रेंड्स’चं जवळजवळ चौकोनी चित्र रुंद करताना कडेचा भाग उघडला गेला आणि काही शॉट्समध्ये मुख्य अभिनेत्रीच्या जागी उभी असलेली भलतीच बाई दिसू लागली. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’च्या रुंद आवृत्तीत तर तंत्रज्ञ आणि दिवे फ्रेममध्ये घुसले. ‘साइनफेल्ड’च्या बाबतीत उलटा घोळ झाला. चित्र वरून-खालून कापून रुंद केलं, तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावर बेतलेल्या भागात एका विनोदातला खड्डाच फ्रेमबाहेर गेला. यातलं काहीही मूळ प्रसारणाच्या वेळी चूक नव्हतं. ते पाहण्याचं साधन बदलल्यामुळे चूक झालं.

त्यात संख्येचा हिशोबही आहे. समजा, एखादी चूक हजारात एकालाच दिसते. हजार जणांनी तो भाग पाहिला, तर निदान एकाच्या नजरेत ती येण्याची शक्यता 63 टक्के होते. दहा हजारांनी पाहिला, तर 99.99 टक्क्यांहून जास्त. मग तो एक जण बाकीच्यांना बोट दाखवून सांगतो आणि त्यानंतर प्रत्येकाला ती चूक डोळ्यांत खुपते. एकदा दिसलेली चूक न दिसलेली करता येत नाही.

स्वतः शोधायची हौस असेल तर आवाज बंद करावा. संवाद गेले की गोष्टीची पकड सुटते आणि नजर मोकळी होते. मग बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे पाहावं. समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोघांचे शॉट्स एकाच कॅमेऱ्याने घेतले असतील, तर आधी एका बाजूचे सगळे आणि मग दुसऱ्या बाजूचे सगळे, असेच घेतलेले असतात. मधे तास-दोन तास गेलेले असू शकतात. ज्याची पाठ आपल्याकडे आहे त्याचा हात कुठे आहे, केस कानाच्या मागे आहेत की पुढे, मेणबत्ती किती जळलीय, मागच्या घड्याळात किती वाजलेत, हे बघावं. जेवणाचे प्रसंग म्हणजे तर कुरणच. सेटवर याचीच नोंद ठेवणारी व्यक्ती असते. कोणत्या शब्दावर ग्लास कोणत्या हाताने उचलला, हेसुद्धा ती लिहून ठेवते. डिजिटल कॅमेरे येण्याआधी या नोंदींच्या जोडीला पोलरॉइडचे फोटो काढून ठेवले जायचे.

कथेतली भोकं ही मात्र वेगळी जात आहे. तिथे डोळ्यांचा संबंध नाही, सगळा कारभार स्मरणाचा.

‘मॅश’ ही मालिका कोरियन युद्धावर आहे. ते युद्ध चाललं तीन वर्षं, मालिका चालली अकरा वर्षं, 1972 ते 1983. यात छावणीचा नवा प्रमुख कर्नल पॉटर येतो तो 19 सप्टेंबर 1952 रोजी. तारीख स्पष्ट सांगितलेली आहे. आणि पुढच्या एका भागात 1951चं आख्खं वर्ष उलगडतं, त्यात पॉटर पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर! नायक हॉकायच्या घरी सुरुवातीला आई आणि बहीण असते. पुढे बहीण गायब होते आणि आई त्याच्या लहानपणीच वारलेली निघते. ‘हॅपी डेज’मधला थोरला मुलगा चक दुसऱ्या सीझननंतर नाहीसा झाला. शेवटच्या भागात बाप आपल्या दोन मुलांबद्दल बोलतो, आणि तिसऱ्याचं नाव कुणी काढत नाही.

वाचकाचा मेंदू विसंगतीला अगदीच बधिर नसतो. अल्ब्रेक्ट आणि ओब्रायन यांनी 1993 साली लोकांना गोष्टी वाचायला दिल्या. एका गोष्टीत मेरी कट्टर शाकाहारी आहे असं आधी सांगितलेलं, आणि काही ओळींनंतर ती चीझबर्गर मागवते. त्या वाक्यापाशी वाचकांचा वेग मंदावला, जणू खडा लागावा तसा. चीझबर्गर म्हटल्याबरोबर मेरीबद्दलची जुनी माहिती आपोआप वर आली होती. पॉटरचं मात्र तसं होत नाही. त्या दोन भागांमध्ये प्रसारणाच्या वेळी पाच वर्षांचं अंतर होतं आणि तारीख ही काही कुणाच्या स्वभावाशी बांधलेली गोष्ट नसते. तिला वर ओढणारा धागाच नाही. आज तीच मालिका एका बैठकीत पाच-पाच भाग पाहणाऱ्याच्या डोक्यात तारीख अजून ताजी असते, म्हणून ठेच लागते.

आणखी एक प्रयोग तर फारच खोडकर आहे. 1981मध्ये एरिक्सन आणि मॅटसन यांनी विचारलं, ‘मोझेसने नौकेत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले?’ बायबलची गोष्ट नीट माहीत असलेल्या अनेकांनी ‘दोन’ असं उत्तर दिलं. नौका नोहाची होती, मोझेसची नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं. पण मोझेसही त्याच ग्रंथातला म्हातारा सत्पुरुष, एकूण अर्थात तो बसून गेला. मालिकेतली भोकं अशीच निसटतात. गोष्टीला शोभेल असं काहीही आलं की मेंदू अधिक चौकशी न करता शिक्का मारून मोकळा होतो. त्यात गोष्ट रंगलेली असेल तर विचारायलाच नको. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी 2000 साली वाचकांना एका कथेतल्या न पटणाऱ्या जागांभोवती वर्तुळ करायला सांगितलं. जे कथेत जास्त बुडाले होते, त्यांनी कमी वर्तुळं केली.

प्रत्येक विसंगती म्हणजे भोक, असंही नाही. ‘चिअर्स’ या विनोदी मालिकेत फ्रेझर क्रेन हे पात्र आपले वडील वारल्याचं सांगतं. पुढे त्याच्या नावाने स्वतंत्र मालिका निघाली, तर तिच्यात वडील चक्क जिवंत, निवृत्त पोलीस. लेखकांनी नंतर खुलासा जोडला की तेव्हा बापाशी भांडण झालं होतं म्हणून तो खोटं बोलला. माणसं खोटं बोलतात, त्यामुळे हे चालून जातं. ‘स्टार ट्रेक’चा मामला जरा अवघड होता. 1982च्या चित्रपटात खान हा खलनायक नायकाच्या यानावरच्या चेकॉव्ह या अधिकाऱ्याला पाहताक्षणी ओळखतो, वर आपण चेहरा कधी विसरत नाही असंही बजावतो. पण खान मालिकेत आला तो पहिल्या सीझनमध्ये आणि चेकॉव्ह आला दुसऱ्यात! चाहत्यांनी लगेच तोड काढली, चेकॉव्ह तेव्हाही यानावर होता, फक्त कॅमेऱ्यासमोर नव्हता. याला कुणी सारवासारव म्हणेल. पण तुटलेल्या दोन शॉट्समध्ये माणूस तोच आहे असं धरून चालणारा मेंदूच इथेही कामाला लागलेला आहे, यावेळी जाणूनबुजून.

शेवटी ‘कोलंबो’ या मालिकेच्या नायकाबद्दल. त्या गबाळ्या दिसणाऱ्या गुप्तहेराचं पाळण्यातलं नाव मालिकेने कधीच उच्चारलं नाही. एका ज्ञानकोशकाराने आपल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ते ‘फिलिप’ असल्याचं मुद्दाम खोटं छापलं, नक्कल करणारा पकडता यावा म्हणून. ‘ट्रिव्हिअल पर्स्युट’ या खेळात तेच उत्तर आलं, प्रकरण 1984मध्ये कोर्टात गेलं आणि तो ज्ञानकोशकार हरला. या सगळ्या काळात 1971च्या एका भागात कोलंबो आपलं ओळखपत्र समोर धरत होता. शॉट क्षणभराचाच आहे. आज तिथे चित्र थांबवलं की सही वाचता येते: फ्रँक कोलंबो.