कित्ता

कित्ता : मुलांनी पाहून किंवा वरून गिरवून लिहावे म्हणून काढून दिलेला अक्षरांचा नमुना, पुढे अशा नमुन्यांची छापील वही. सुलेखन ही कला आणि शुद्धलेखन ही नियमांची बाब. कित्त्याचे काम या दोहोंहून निराळे, हाताला वळण लावण्याचे आहे.

हा शब्द अरबी ‘कित्अ’ (तुकडा) यावरून फारसीमार्गे मराठीत आला असावा. फारसी सुलेखनात उस्तादाने लिहिलेल्या सुट्या नमुन्यालाही हेच नाव आहे. तेव्हा ‘तुकडा’पासून ‘नमुना’ हा अर्थ मराठीत वेगळा घडला असे मानण्यापेक्षा तो तयारच आला, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. मोल्सवर्थच्या मुंबईत छापलेल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१८५७) हा शब्द आहे. पद्धत मात्र शब्दाहून जुनी असावी. धूळपाटीवर काडीने धुळाक्षरे काढणे हा तिचाच एक प्रकार. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे : अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी कामास येत नाही. यातील पहिल्या दोन कसोट्या आजही वही तपासताना पुरतात.

शिरोरेषा आधी की नंतर, हा जुना मतभेद आहे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे टांगत. ही लिपी यादवांचा प्रधान हेमाडपंत याने तेराव्या शतकात निर्माण केली अशी परंपरा आहे. त्याने आधीच्या धावत्या लिखाणाला दरबारी शिस्त लावली असावी, एवढेच म्हणणे बरे. बाळबोध (देवनागरी) अक्षरांत शब्द पुरा करून मग डावीकडून उजवीकडे रेघ देतात, आणि शाळांत हीच रीत चालते. तिचा तोटा असा की मूल घाईने एकच सलग रेघ ओढते. मग ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’. धन लिहिले की घन वाचले जाते. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर रेघ तुटली पाहिजे, हे या अक्षरांची गाठ शिकवतानाच सांगावे. शब्द लिहायला लागल्यावर सांगून उशीर होतो. ‘ख’चे दोन भाग खाली जोडले नाहीत तर खाना रवाना होतो, तोही दोष याच जातीचा.

मुंबई वळण. देवनागरी मुद्राक्षरांत अ, झ, ण आणि ५, ८, ९ या अंकांची मुंबई व कलकत्ता अशी दोन वळणे होती. मुंबईच्या मुद्रकांनी, विशेषतः जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने, आपले वळण दूरवर नेले. ते छापखान्यांत जन्मले की दख्खनच्या पोथ्यांतून खिळ्यांत उतरले, यांपैकी दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो. हिंदीनेही पुढे मुंबईचे अ, झ, ण स्वीकारले. ल आणि श मात्र वेगळे राहिले. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श लिहितात. मराठी वर्णमालेचे व लेखनाचे प्रमाणीकरण २००९च्या शासननिर्णयाने झाले. तरी संगणकावरील अनेक टंकांत हिंदी धाटणीचेच ल, श असल्याने घरी छापून घेतलेल्या सरावपानांवर तेच येतात, आणि मूल एकाच ओळीत दोन्ही लिहिते. पान देण्यापूर्वी ही दोन अक्षरे पाहून घ्यावीत.

शिकवताना वर्णमालेचा क्रम सोडून आकारांचे गट घेतात : ग म भ न, र स ख, व ब क, ट ठ ढ. हात वरून खाली, डावीकडून उजवीकडे चालावा; काना शेवटी. ‘व’ची वाटी जिथे काना यायचा तिथून सुरू होऊन डावीकडे वळते. ठिपके जोडण्याच्या वह्यांची खरी उणीव इथे आहे : आकार दिसतो, दिशा दिसत नाही. मूल काना खालून वर नेते, वाटी उलटी फिरवते. पान सुबक दिसते, पण चौथीत वेग वाढला की अक्षर मोडते. म्हणून प्रत्येक अक्षर मुलांसमोर फळ्यावर काढून दाखवणे छापील कित्त्याहून महत्त्वाचे.

पानाच्या वर एकच नमुना असेल तर दुसऱ्या ओळीनंतर मूल नमुन्याकडे नव्हे, स्वतःच्या वरच्या ओळीकडे पाहून लिहिते. चूक ओळीगणिक वाढते आणि शेवटची ओळ सर्वांत वाईट निघते. उपाय सोपे आहेत : दर तीन ओळींनी नमुना पुन्हा द्यावा किंवा पान खालून वर भरावे. एका बैठकीला पाच-सहा ओळी, दहा मिनिटे पुरतात; दहा पानांची शिक्षा अक्षर बिघडवते.

मराठीला दुरेघी वही लागते. अक्षर वरच्या रेघेला टांगून खालच्या रेघेपर्यंत येते. वेलांटी, मात्रा आणि उकार जोडओळींमधल्या मोकळ्या जागेत. पहिलीत ही उंची साधारण १० मिमी ठेवून चौथीपर्यंत ६ मिमीवर आणावी. इंग्रजी अक्षर रेघेवर बसते, मराठी रेघेला लोंबते. मुंबईतील मूल पहिलीपासून दोन्ही लिहिते, आणि चाररेघीत मराठी लिहायला लावले की उकार पुढच्या ओळीत घुसतो.

पेन्सिल टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर, अंगठा व तर्जनीत धरून मधल्या बोटावर टेकवावी. पकड घट्ट असल्याची खूण पानाच्या मागे उमटते. डावखुऱ्या मुलाने थोडे वर धरावे, वही उजवीकडे कलती ठेवावी; शिरोरेषा उजवीकडून ओढू द्यावी, कारण डाव्या हाताने ती ढकलावी लागते व थरथरते. दोघांच्या बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवावे, नाहीतर कोपरे आपटतात. शाईपेन पाचवीच्या सुमारास. जुलैत दमट कागदावर शाई फुटते, तेव्हा पावसाळ्यात पेन्सिलच बरी.