मेलेल्या जंतूंनी उंदरांची अ‍ॅलर्जी दाबली, पण नेमकी कशी?

"मुलांना मातीत लोळू द्या, इम्युनिटी वाढते, अ‍ॅलर्जी जाते" हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. मातीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण इम्युनिटी 'वाढते' हे चूक. अ‍ॅलर्जीत इम्युनिटी कमी नसतेच, ती नको तिथे भडकते. त्यामुळे एकाच काढ्याच्या पाकिटावर 'इम्युनिटी बूस्टर' आणि 'अ‍ॅलर्जीवर गुणकारी' दोन्ही छापलेलं बघितलं की हसू येतं.

मातीत मायकोबॅक्टेरियम व्हॅकी नावाचा जंतू असतो, टीबीच्या जंतूचा निरुपद्रवी भाऊबंद. २००२ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेला उंदरांवरचा प्रयोग याच्यावरच होता. उंदरांना आधी अंड्याच्या पांढऱ्यातल्या ओव्हाल्ब्युमिन प्रोटीनची अ‍ॅलर्जी करवली. मग तेच प्रोटीन श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसात इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) यांची गर्दी होते, दम्यात होते तशीच. पण काही उंदरांना उष्णतेने मारलेला व्हॅकी कातडीखाली टोचला होता, त्यांच्यात ही गर्दी बरीच कमी झाली. जंतू मेला तरी त्याच्या भिंतीचे तुकडे आपल्या पेशी ओळखतातच, फक्त इन्फेक्शन होत नाही.

आता खरी मजा. टी पेशी म्हणजे इम्युनिटीची सूत्रं हलवणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या दोन टोळ्या, जंतूंशी लढणारी टीएच१ आणि दुसरी टीएच२, एक वाढली की दुसरी दबते, आणि अ‍ॅलर्जी टीएच२ची करणी, म्हणून तोवर सरळ हिशोब असा की जंतू दाखवून टीएच१ वाढवा, टीएच२ आपोआप दबेल. इथे तसं झालं नाही, तयार झाल्या रेग्युलेटरी टी पेशी, म्हणजे आवरा म्हणणाऱ्या. त्या काढून दुसऱ्या अ‍ॅलर्जिक उंदरांत सोडल्या तर त्यांनाही संरक्षण मिळालं, जंतू न टोचता! आणि आयएल-१० व टीजीएफ-बीटा हे पेशींनी एकमेकींना धाडलेले दोन रासायनिक निरोप अँटीबॉडीने अडवले की परिणाम गायब, म्हणजे काम याच दोघांमार्फत चालतं. शिवाय या पेशी ज्या प्रोटीनवर तयार झाल्या त्यापुरत्याच, सगळी इम्युनिटी झोपवत नाहीत.

मारलेला मायकोबॅक्टेरियम टोचणं आपल्याकडे नवं नाही, शास्त्रज्ञ जी. पी. तलवारांची कुष्ठरोगाची लस अशाच एका जंतूची, फक्त तिथे इम्युनिटी जागवायची असते.

माणसांचं काय? न्यूझीलंडमध्ये दम्याच्या रुग्णांना मारलेल्या व्हॅकीची इंजेक्शनं देऊन पाहिली, ठोस फायदा दिसला नाही. लॅबमधल्या उंदराला काही आठवड्यांत एकाच प्रोटीनची अ‍ॅलर्जी करवलेली असते, माणसाचा दमा मात्र वर्षानुवर्षं धूळ, परागकण, झुरळं अशा दहा गोष्टींवर पोसलेला.