पिचरच्या आकड्यांत पिचर किती?

बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, आपल्या गोलंदाजासारखा. बोस्टन रेड सॉक्सच्या पेद्रो मार्टिनेझनं 1999 आणि 2000 अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन लीगचा साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, मिळवला. पहिल्या वर्षी त्याचा ईआरए 2.07 होता, दुसऱ्या वर्षी 1.74. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावा. जितका कमी तितका चांगला. त्या काळात लीगची सरासरी पाचाला टेकली होती, त्यावरून पेद्रो काय चीज होता ते कळतं. हे दोन आकडे पाहून कोणीही म्हणेल की 2000 सालचा पेद्रो सरस. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, हे उमगलं की फँटसी बेसबॉलसाठी पिचर निवडणं पुष्कळ सोपं होतं.

फँटसीत आपण खऱ्या खेळाडूंचा संघ बांधतो आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या डॅनियल ओक्रेंटनं मित्रांबरोबर या खेळाची जी घडी बसवली, तीच पुढे जगभर पसरली. पिचिंगचे त्यांचे मूळ रकाने चार होते: विजय, सेव्ह (आघाडी टिकवून सामना संपवणं), ईआरए आणि व्हिप. व्हिप म्हणजे पिचरनं एका इनिंगमागे दिलेले हिट (चेंडू मारून बॅटर सुखरूप बेसवर पोचणं) आणि वॉक (चार खराब चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस). ही मोजणी ओक्रेंटचीच. स्ट्राइकआउटचा, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेल्या बॅटरांचा, पाचवा रकाना नंतर आला, आणि माझ्या मते पाचांतला सर्वांत बोलका आकडा तोच आहे.

विजयाचा रकाना लगेच बाजूला ठेवू. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमनं 2018 मध्ये 1.70 ईआरए राखला, साय यंग जिंकला, आणि त्याच्या नावावर विजय होते फक्त 10, पराभव 9. त्याच्या संघाच्या बॅटरांनी धावा केल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

ईआरएची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. क्रिकेटमध्ये स्लिपमध्ये झेल सुटला तरी पुढच्या धावा गोलंदाजाच्याच खात्यात जातात. बेसबॉलनं इथे थोडा न्याय केलाय: फिल्डरच्या चुकीमुळे आलेल्या धावा ईआरएत धरत नाहीत. पण चूक धरली जाते ती सहसा चेंडूपर्यंत पोचून तो हुकला तरच. जो फिल्डर मुळात पोचलाच नाही, त्याच्या संथ पायांची किंमत पिचरच भरतो.

2001 च्या जानेवारीत व्होरॉस मॅक्रॅकन या अभ्यासकानं याच्याही पुढे जाऊन एक खळबळजनक दावा मांडला. स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन (बहुधा थेट मैदानाबाहेर टोलावलेला चेंडू) यांत फिल्डरचा हात जवळजवळ नसतो. ते पिचरचं स्वतःचं. उरलेले, म्हणजे मैदानात मारलेले चेंडू हिट होतात की बाद, यात मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या, पिचरांमध्ये फारसा फरक नसतो. अशा चेंडूंपैकी साधारण 30 टक्के हिट होतात. या प्रमाणाला बॅबिप म्हणतात.

आता पेद्रोकडे परत जाऊ. दोन्ही वर्षी त्याच्या गोलंदाजीवर मैदानात मारले गेलेले चेंडू जवळपास सारखेच, सुमारे 470. 1999 मध्ये त्यांतले 151 हिट झाले, 2000 मध्ये फक्त 111. त्याच वेळी त्याचे स्ट्राइकआउट 313 वरून 284 वर उतरले आणि होम रन 9 वरून 17 वर गेले. म्हणजे जे त्याच्या हातात होतं ते थोडं घसरलं, आणि जे बरंचसं हाताबाहेर होतं ते कमालीचं सुधारलं. एफआयपी हा आकडा फक्त पिचरच्या हातातल्या गोष्टी मोजतो: होम रनला 13 नं गुणा, वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू यांना 3 नं, बेरजेतून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करा, इनिंगनं भागा आणि ईआरएच्या पट्टीवर आणण्यासाठी साधारण 3.1 मिळवा. पेद्रोचं उत्तर 1999 साठी सुमारे 1.4 येतं, 2000 साठी 2.2. दोन्ही अफाट आहेत, पण पहिलं जास्त.

इथे संभाव्यतेचा साधा हिशेब करून पाहा. 470 चेंडू, प्रत्येक हिट होण्याची शक्यता 30 टक्के, तर अपेक्षित हिट 141. निव्वळ योगायोगानं हा आकडा 10 नं वरखाली होणं नेहमीचं, 20 नं होणंही अधूनमधून घडतं. 151 तर सहज बसतात. 111 मात्र एकट्या योगायोगाच्या पदरात घालता येत नाहीत. त्यात फिल्डरांचा आणि पेद्रोचाही वाटा असणार. मॅक्रॅकनचा दावा पुढे सौम्य झाला तो याच कारणानं. नकलबॉल (जवळजवळ न फिरता हवेत डुलत जाणारा संथ चेंडू) टाकणारे किंवा इनफिल्डवर, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या भागात, उंच झेल उडवायला लावणारे पिचर बॅबिप थोडा खाली ठेवू शकतात.

हंगामाच्या सुरुवातीला, एप्रिलच्या अखेरीस, हा हिशेब जास्त उपयोगी पडतो. तोवर स्टार्टरच्या, म्हणजे सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरच्या, 30 इनिंग झालेल्या असतात आणि मैदानात जेमतेम 80 चेंडू मारलेले असतात. 24 ऐवजी 28 हिट झाले, तर त्यात नवल काहीच नाही. पण तेवढ्यानं व्हिप 0.13 नं वाढतो, आणि त्या चार हिटनी तीन धावा आणल्या तर ईआरए 0.90 नं चढतो. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण 70 बॅटरांनंतरच विश्वासार्ह होऊ लागतं, वॉकचं 170 च्या आसपास; बॅबिपला सुमारे 2000 चेंडू लागतात, म्हणजे जवळजवळ चार हंगाम.

म्हणून मे उजाडला की मी ईआरए 4.80 असलेले पिचर शोधतो. दर शंभर बॅटरांमागे स्ट्राइकआउट आणि वॉक यांत 20 चा फरक असेल आणि बॅबिप 0.360 (म्हणजे 36 टक्के) वगैरे असेल, तर तो पिचर पडत्या भावात घ्यावा. फक्त त्याच्या फास्टबॉलचा वेग आधी तपासावा. तो गेल्या वर्षीपेक्षा ताशी दोन मैलांनी उतरला असेल, तर दोष नशिबाचा नाही. बहुधा खांदा किंवा कोपर दुखत असतो.