स्पेनची राजेशाही

संसदीय लोकशाही असलेल्या स्पेनमधील वंशपरंपरागत राष्ट्रप्रमुखपद. १९७८ च्या राज्यघटनेनुसार राजा हा राष्ट्राच्या ऐक्याचे व सातत्याचे प्रतीक. विद्यमान राजा सहावा फेलिपे (राज्यारोहण १९ जून २०१४). आजच्या काळात राजा हवा कशाला, या प्रश्नावर युरोपातील बहुतेक राजघराणी परंपरेकडे बोट दाखवतात. स्पेनच्या राजघराण्याला ती सोय नाही, कारण तेथे परंपरा मध्येच तुटली होती.

१९३१ मध्ये प्रजासत्ताकवाद्यांनी मोठ्या शहरांतील निवडणुका जिंकल्या आणि तेराव्या आल्फोन्सोने देश सोडला. पुढे यादवी युद्ध (१९३६–३९) आणि ते जिंकणारा सेनानी फ्रँको याची हुकूमशाही. फ्रँकोने १९४७ मध्ये स्पेन हे पुन्हा राजाचे राज्य असल्याचा कायदा केला, पण गादी रिकामीच ठेवली. १९६९ मध्ये त्याने आल्फोन्सोचा नातू हुआन कार्लोस याला आपला वारस नेमले. मुलाच्या आधी ज्यांचा हक्क होता त्या वडिलांना सरळ डावलले. थोडक्यात, आजची राजेशाही हुकूमशहाने दिलेली आहे, आणि विरोधक हे कधी विसरू देत नाहीत.

फ्रँकोच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी, २२ नोव्हेंबर १९७५ रोजी, हुआन कार्लोस राजा झाला. हाती आलेली अफाट सत्ता त्याने सोडून दिली. जुलै १९७६ मध्ये त्याने आडोल्फो सुआरेझची पंतप्रधानपदी नेमणूक केली. १९७७ च्या एप्रिलमध्ये कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठली, जूनमध्ये खुल्या निवडणुका झाल्या आणि ६ डिसेंबर १९७८ च्या सार्वमताने राज्यघटना मंजूर झाली. तिच्यानुसार राजाच्या कृतींवर पंतप्रधान, मंत्री किंवा लोकसभेच्या अध्यक्षाची प्रतिस्वाक्षरी लागते आणि जबाबदारीही स्वाक्षरी करणाऱ्याचीच असते. पक्षनेत्यांशी बोलून पंतप्रधानपदाचा उमेदवार सुचवणे एवढाच काय तो राजाचा राजकीय सहभाग. भारतीय वाचकाला यात राष्ट्रपतिपदाची आठवण होईल. फरक एवढाच की येथे निवडणूक नाही आणि मुदतही नाही.

या पदाचा उपयोग सर्वांत स्पष्ट दिसला तो २३ फेब्रुवारी १९८१ रोजी. नव्या पंतप्रधानासाठी लोकसभेत मतदान चालू असताना निमलष्करी दलाचा लेफ्टनंट कर्नल अंतोनियो तेहेरो सुमारे दोनशे जवानांसह आत घुसला आणि छताकडे गोळ्या झाडल्या गेल्या. बहुतेक सदस्य बाकांखाली लपले. सुआरेझ आणि कम्युनिस्ट नेता कारियो जागेवर बसून राहिले. त्या गोळ्यांच्या खुणा सभागृहाच्या छतावर अजून जपून ठेवल्या आहेत. व्हॅलेन्सियात रणगाडे रस्त्यावर आले. राजाने प्रांतोप्रांतीच्या सेनाधिकाऱ्यांना फोन केले आणि रात्री एकच्या सुमारास सरसेनापतीच्या गणवेशात दूरचित्रवाणीवर येऊन राज्यघटनेच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्या दिवशी बंड संपले. त्या अधिकाऱ्यांपैकी अनेक जण फ्रँकोच्या तालमीत वाढलेले. फ्रँकोने नेमलेल्या माणसाचा हुकूम त्यांना मोडवेना. जन्मातला डाग त्या रात्री कामी आला. कटाची राजाला आधीच कुणकुण होती का, यावर मात्र वाद संपलेला नाही.

ही पुण्याई तीसेक वर्षे पुरली. एप्रिल २०१२ मध्ये, बेरोजगारी २४ टक्क्यांच्या आसपास असताना, हुआन कार्लोस बोट्स्वानात हत्तीच्या शिकारीला गेल्याचे उघड झाले, तेही त्याचे कमरेचे हाड मोडल्यामुळे. रुग्णालयातून बाहेर पडताना त्याने माफी मागितली. २०१४ मध्ये तो पायउतार झाला. परदेशातील पैशांच्या प्रकरणांमुळे २०२० मध्ये फेलिपेने वडिलांचा वारसा नाकारला आणि त्यांचा भत्ता बंद केला. त्याच वर्षी हुआन कार्लोस अबू धाबीला गेला. स्पेनमधील चौकशी २०२२ मध्ये थांबली. मुदत टळणे हे एक कारण, तर गादीवर असतानाच्या कृत्यांना असलेले घटनात्मक संरक्षण हे दुसरे.

फेलिपेची राहणी नेटकी आहे, पण ऐक्याच्या प्रतीकाची मर्यादा त्यालाही भोवली. ३ ऑक्टोबर २०१७ च्या भाषणात त्याने ईशान्येकडील कॅटालोनिया प्रांतातील फुटीर नेत्यांवर टीका केली, मात्र त्यांनी स्पेनपासून वेगळे होण्यासाठी घेतलेल्या मतदानाच्या दिवशी पोलिसांच्या मारहाणीत जखमी झालेल्यांविषयी चकार शब्द काढला नाही. उर्वरित स्पेनमध्ये अनेकांना हे भाषण आवडले, कॅटालोनियात अनेकांच्या मनातून राजा उतरला. ३ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हॅलेन्सियाजवळच्या महापूरग्रस्त पायपोर्ता गावात लोकांनी राजा-राणीवर चिखल फेकला. पंतप्रधान तेथून लवकर निघून गेले, राजा मात्र थांबून लोकांशी बोलत राहिला.

वारस राजकन्या लिओनोर हिने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, अठराव्या वाढदिवशी, राज्यघटनेची शपथ घेतली. घटनेत मुलाला मुलीच्या आधी हक्क देणारे कलम अद्याप तसेच आहे. ते बदलायचे तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत, संसदेचे विसर्जन, नव्या संसदेची तेवढीच मंजुरी आणि शेवटी सार्वमत लागते. ते सार्वमत राजेशाहीवरच होऊन बसेल, या धास्तीने मोठे पक्ष त्या कलमाला हात लावत नाहीत.