बाहेरख्याली पुढारी आणि ‘दुप्पट’चं गणित

‘जो बायकोचा झाला नाही, तो गावाचा काय होणार?’ निवडणूक लागली की सांगलीत हे वाक्य हमखास कानावर येतं. गणपती पेठेतल्या दुकानात, विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर, कुठेही. पलीकडून उत्तरही ठरलेलं: ‘घरात काय करतोय ते त्याचं तो बघंल, आमचा रस्ता झाला का न्हाई सांगा.’ दोन्ही बाजूंना वाटतं की हा निव्वळ नीतीचा वाद आहे. नीतीचा आहेच, पण त्याच्या पोटात एक मोजता येण्याजोगा प्रश्न दडलाय. जोडीदाराला फसवणारी माणसं कामातही जास्त फसवतात का?

हे मोजून झालंय. ‘अ‍ॅशले मॅडिसन’ हे विवाहबाह्य संबंध जुळवून देणारं संकेतस्थळ. २०१५ साली हॅकरांनी त्याच्या ग्राहकांची माहिती चव्हाट्यावर आणली. जॉन ग्रिफिन, सॅम्युअल क्रूगर आणि गोन्झालो मातुराना या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी ती नावं चार गटांशी पडताळली: पोलीस, आर्थिक सल्लागार, पांढरपेशा गुन्ह्यांचे आरोपी आणि कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी. २०१९ साली निष्कर्ष छापून आला. या संकेतस्थळावर खातं असलेल्या पोलिसांच्या आणि सल्लागारांच्या नावावर कामातले गैरप्रकार जास्त होते. ज्या कंपन्यांच्या मुख्य कार्यकारी किंवा वित्त अधिकाऱ्याचं तिथे खातं होतं, त्या कंपन्यांत गैरव्यवहार होण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली.

म्हणजे पहिली बाजू जिंकली? थांबा. ‘दुप्पट’ हा शब्द बातमीत दिसला की मी लगेच विचारतो, कशाच्या दुप्पट? इथून पुढे थोडं गणित आहे, पण शाळेतल्या शेकडेवारीपलीकडचं नाही.

समजा, हजार लोकप्रतिनिधी आहेत. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, हिशेब मात्र खरा. त्यातले १०० बाहेरख्याली, ९०० एकनिष्ठ. एकनिष्ठांपैकी शेकडा ५ जण पैसे खातात, बाहेरख्यालींपैकी त्याच्या दुप्पट, म्हणजे शेकडा १०. आता मोजा. बाहेरख्यालींमध्ये पैसे खाणारे १०, एकनिष्ठांमध्ये ४५. एकूण ५५. म्हणजे १०० बाहेरख्यालींपैकी ९० जण कामात स्वच्छ, आणि ५५ भ्रष्टांपैकी ४५ जण घरी अगदी आदर्श पती. बायकोशी इमान हीच चाळणी लावली, तर १० चोर पकडण्यासाठी ९० बरी माणसं घरी बसवली आणि ४५ चोरांच्या गळ्यात हार घातला. ‘दुप्पट’ खरं असूनही!

याच्याही पुढे जाता येतं, आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो. एखादा पुरावा किती वजनाचा, हे ठरवायची एक रीत आहे. तो पुरावा दोषींमध्ये किती वेळा सापडतो, त्याला निर्दोषांमध्ये किती वेळा सापडतो त्याने भागायचं. आपल्या उदाहरणात बाहेरख्यालीपणा ५५ दोषींपैकी १० जणांत आहे, म्हणजे शेकडा १८. तो ९४५ निर्दोषांपैकी ९० जणांत आहे, म्हणजे शेकडा साडेनऊ. भागाकार साधारण १.९. हेच त्या पुराव्याचं वजन. आता दुसरा पुरावा घ्या. सहकारी संस्थांचं दरवर्षी लेखापरीक्षण होतं आणि संस्थेला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो. समजा, गंभीर शेरा दोषींपैकी शेकडा ६० जणांच्या कारभारावर पडतो आणि निर्दोषांपैकी शेकडा ५ जणांच्या. वजन १२. हजारांतून हा शेरा पडलेले वेगळे काढले तर साधारण ८० निघतात, आणि त्यात ३३ दोषी असतात. बाहेरख्याली म्हणून वेगळ्या काढलेल्या १०० जणांत १० होते. वजन १ असेल, तर तो पुरावा असला काय आणि नसला काय, सारखंच. जन्मकुंडलीतल्या सप्तमस्थानाचं, म्हणजे लग्नाच्या घराचं, वजन बरोबर १ आहे. तिकिटासाठी पत्रिका दाखवणाऱ्यांनी फी देण्याआधी हा भागाकार करून बघावा.

घरचं इमान आणि कामातलं इमान यांचा संबंध इतका पातळ का? सांगलीच्या यार्डात हळद पारखणारा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि पोत्याचा भाव करतो. पोत्यातला माल एकजात असेल तर हे चालतं. माणसाच्या अंगात प्रामाणिकपणा असा एकजात भरलेला असतो का, हे हार्टशॉर्न आणि मे या अमेरिकी संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांवर तपासलं. त्यांचा अहवाल १९२८ चा. परीक्षेत लबाडी करणारं मूल समोरची नाणी लांबवेलच असं नव्हतं. एका प्रसंगावरून दुसऱ्या प्रसंगाचा अंदाज फार कच्चा निघाला. मात्र अनेक प्रसंगांची बेरीज केली की तो बराच सुधारला. म्हणून एक प्रकरण फारसं सांगत नाही, पण वर्षानुवर्षं जो सगळीकडेच थापा मारत आलाय, त्याच्याबद्दल सावध राहायला आधार आहे.

काही प्रकरणं मुळात खासगी नसतातच. संबंध हाताखालच्या कर्मचाऱ्याशी असेल, ठेका ‘तिच्या’ भावाला गेला असेल, किंवा कुणी त्या गुपिताच्या जोरावर सह्या करून घेत असेल, तर तो थेट पदाचा गैरवापर झाला. तिथे वर मांडलेल्या शक्यतांच्या हिशेबाची गरज नाही. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावर १९९८ च्या डिसेंबरात महाभियोग मंजूर झाला, त्यातला आरोप संबंधांचा नव्हता. शपथेवर खोटं बोलण्याचा आणि न्यायात अडथळा आणण्याचा होता. त्याच आठवड्यात गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत त्यांच्या कामावर खूश असलेले लोक ७३ टक्के निघाले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली भारतीय दंड संहितेतलं व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं, त्यामुळे व्यभिचार आता फौजदारी गुन्हा नाही. घटस्फोटाचं कारण मात्र आहे.

आता अफवा. अ‍ॅशले मॅडिसनच्या अभ्यासात निदान खात्याची नोंद तरी हातात होती, आणि खातं उघडणं म्हणजे प्रत्यक्ष संबंध असंही नव्हे. आपल्याकडे असतो तो मतदानाच्या आदल्या रात्री फिरणारा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. विरोधक तो चोराबद्दलही पसरवतो आणि साधूबद्दलही, त्यामुळे भागाकारात वर आणि खाली सारखाच आकडा येतो. वजन १, कुंडलीएवढंच.

बायकांच्या बाबतीत तर तो अभ्यासही कामाचा नाही. त्या संकेतस्थळावर पैसे मोजायचे ते पुरुषांनी, त्यामुळे पैसे भरणारी खाती जवळपास सगळी पुरुषांचीच. राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि कुजबुज सुरू होते ती सरपंच बाईंबद्दल आधी. त्याला विज्ञानाचा आधार देऊ पाहणाऱ्याकडे आकडे मागावेत.

वजनदार पुरावा हवा असेल तर उमेदवाराचं शपथपत्र बघा. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यात गुन्हे, कर्ज आणि मालमत्ता असते, जोडीदाराच्या नावावरचीसुद्धा. मागच्या निवडणुकीचं आणि या निवडणुकीचं शेजारी शेजारी ठेवायचं आणि बायकोच्या नावावरच्या जमिनीचा रकाना आधी वाचायचा.